भाभी, नीचे खाली है न?

तुम्ही हसाल, पण ऐका. आमच्या बनारसच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून मी माझी जुनी जीप कित्येक वर्षं सडकेवरच्या गॅरेजातच नटवतोय. त्या दिवशी ती जॅकवर चढवून मी खाली सायलेन्सर बसवत होतो. मिस्त्री पान खाऊन आला आणि बाजूला उभ्या माझ्या बायकोला म्हणाला, "भाभी, नीचे खाली है न?"

ती सांगलीची, नवीनच आलेली. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे तिला कुठून माहीत? अदबीनं म्हणाली, "हाँ, खाली हैं."

जॅक उतरू लागला. सायलेन्सर छातीला टेकला. जन्म बनारसात गेला, पण भीतीनं तोंडातून मराठीच निघाली, "अरे, मी खाली आहे!"

मिस्त्री जॅक उतरवता उतरवता म्हणाला, "खाली हैं तो आइए, हाथ लगाइए."