देवीच्या चिंचपेटीतला राक्षस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय साहेब, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे गाववाले श्री. हरिश्चंद्र शिवलकर, बोटीवरून खास रजा काढून आलेले त्यांचे धाकटे बंधू धाकू, आपल्या कचेरीतले सर्व बंधुभगिनी, आणि मागच्या तीन रांगा अडवून बसलेले आमचे गावकरी! आपणा सर्वांना दादू नागवेकरचा नमस्कार.

साहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेब, हरिश्चंद्राबरोबर मी एकतीस वर्षं एकाच एस.टी.ने या कचेरीत आलो. वर्षाला दहा सेकंदसुद्धा पडत नाहीत. तेव्हा थोडं इकडेतिकडे झालं तर घड्याळाकडे बघू नये, ही विनंती.

आधीच्या वक्त्यांनी हरिश्चंद्राच्या रेकॉर्ड रूमबद्दल सांगितलं. फाईल मागावी आणि चहा निवायच्या आत ती टेबलावर यावी, हे खरंच आहे. पण माणूस म्हणजे काय नुसती फाईल? ज्या गोष्टीमुळे या सभागृहातल्या निम्म्या भगिनींच्या कानात, गळ्यात आणि मनगटावर हरिश्चंद्र आहे, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तो मी काढतो. त्यात माझी स्वतःची थोडी बेअब्रू आहे, पण निरोपाच्या दिवशी खोटं बोलू नये.

एकोणीसशे ब्याऐंशी साली धाकू जपानहून टीव्ही घेऊन आला. पूर्णगडच्या अलीकडे, आमच्या गावात आलेला तो पहिला टीव्ही. आता, त्या वेळी रत्नागिरीत दूरदर्शन दिसत होतं का? नव्हतं. टीव्ही होता, त्याला दाखवायला काही नव्हतं. धाकूने त्याच्याबरोबर एक खेळाचं यंत्रही आणलं होतं. एक दांडी आणि एक लाल बटण. ते जोडलं की पडद्यावर आभाळातून हिरवे राक्षस रांगेने खाली उतरायचे आणि आपण खालून तोफ सरकवत त्यांना उडवायचं. एवढंच.

गावाला वाटलं, हाच टीव्ही. दिल्लीहून दिवसभर हेच दाखवतात. आमचे भागोजी गुरव दोन दिवस मांडी घालून बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सरकार काय करताहा? येवढे राक्षस उतरले, पेपरात कायच कसा नाय आला?" पुढे दोन-तीन वर्षांनी खरं दूरदर्शन आलं आणि पडद्यावर एक बाई शांतपणे बातम्या सांगू लागली, तेव्हा गावाने सुटकेचा नि:श्वास सोडला. लढाई संपली म्हणून.

पण ते यंत्र आणलं होतं सगुणाकाकींसाठी. हरिश्चंद्राची आई. आमच्या ग्रामदेवीची चिंचपेटी विणण्याचा मान शिवलकरांच्या घराकडे आहे. शिमग्याला पालखीत देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, लागतात, तेव्हा गळ्यात दरवर्षी नव्या काचमण्यांची, नऊ ओळींची विणलेली चिंचपेटी लागते. सगुणाकाकींनी ती चाळीस वर्षं विणली. मग त्यांची उजवी बाजू गेली. हात गेला, जीभ जड झाली. घरात दुसरी बाई नाही. हरिश्चंद्राने लग्न केलं नाही आणि धाकूने समुद्राशी केलं. काकी दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून असायच्या आणि मण्यांच्या डब्याकडे बघायच्या.

तर तो खेळ माय-लेक मिळून खेळायचे. काकी डाव्या हाताने दांडी सरकवायच्या, हरिश्चंद्र बटण दाबायचा. दोघांची मिळून एक तोफ. सांगतो, मी पाहिलंय, पहिला राक्षस उडाला तेव्हा वर्षभर न हसलेली ती बाई तोंड वाकडं करून खदाखदा हसली. हरिश्चंद्र उठून घरामागच्या परड्यात गेला. डोळे पुसायला गेला होता, शिंकरल्याचं नाटक करत होता.

आणि तिथे बसल्या बसल्या या रेकॉर्ड रूमच्या माणसाच्या लक्षात आलं, की टीव्हीतला राक्षस चौकोनी ठिपक्यांचा आहे. बारा ठिपके आडवे, नऊ उभे. विणलेल्या मण्यांचंही तसंच असतं! एक ठिपका, एक मणी. याने कचेरीतल्या आखीव कागदावर राक्षस उतरवून घेतला. (साहेब, कागद पाठकोरा होता.) आईच्या डब्यातले मणी काढले, आईची सुई घेतली, आणि आई डाव्या हाताने चुका दाखवायची तसं विणत गेला. एक मणी चुकला की काकी पूर्ण ओळ उसवायला लावायच्या.

लोलकांची पहिली जोडी त्याने आमच्या हिला दिली. विमला, उभी राहा जरा. नाही राहणार ती. असो. एका कानात तोफ आणि दुसऱ्या कानात राक्षस. ही मान वळवून "ऑफिसातून उशीर का झाला?" विचारायची, तेव्हा मला नेमकं मध्ये सापडल्यासारखं व्हायचं.

मग काय, साथच आली. राक्षसांचे तोडे, राक्षसांचे बाजूबंद, तोफेचं पेंडंट, राक्षस उडाल्यावर जो पिवळा भडका होतो त्याची कुडी. लोकांना राक्षस दिसला का? मुळीच नाही. टीव्हीवर पाहिलेल्यांनासुद्धा तो मण्यांत ओळखू आला नाही. आठ पाय, दोन डोळे आणि वर दोन नांग्या. रत्नागिरीच्या माणसाला यात काय दिसणार? कुर्ली! एका सराफाने तर सोन्यात नक्कल करून 'कुर्ली तोडा' म्हणून विकला. त्या वर्षी शहरात अशी एक वधू नव्हती, जी अंगावर चार-पाच शत्रू घेतल्याशिवाय बोहल्यावर चढली.

चौऱ्याऐंशीच्या श्रावणात सगुणाकाकी गेल्या. पुढच्या शिमग्याची चिंचपेटी हरिश्चंद्राने एकट्याने विणली. लाल मण्यांत, बरोबर मध्यभागी, एक हिरवी कुर्ली. गावाने वाहवा केली. समुद्रकाठची देवी, गळ्यात कुर्ली शोभलीच पाहिजे! एवढंच कशाला, पुण्याहून जुन्या मूर्ती बघायला एक गृहस्थ आले होते, त्यांना मी, खरं माहीत असूनही, छातीठोकपणे सांगितलं की हे चिन्ह आमच्याकडे तीनशे वर्षं चालत आलंय. त्यांनी लिहून घेतलं. कुठे छापलं असेल तर मी आज इथे जाहीर माफी मागतो.

बिंग फुटलं शहाऐंशीच्या शिमग्यात. आमचा विठू मुंबईला व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये यंत्रं दुरुस्त करतो. पालखी दारात आली, विठूने हात जोडले, डोळे मिटले, उघडले, आणि जोडलेल्या हातांतला त्याचा उजवा अंगठा आपोआप बटण दाबायला लागला. तो ओरडलाच, "अरे, ही कुर्ली नाय! ह्येका मारला की दोनशे पॉइंट मिळतात!"

पालखी थांबली, ढोल थांबले. दोन शिमगे आख्खं गाव ज्याच्यापुढे नारळ ठेवत होतं, तो राक्षस निघाला.

आता माझी बेअब्रू. हरिश्चंद्राचा मान काढून घ्या, अशी मागणी करणारा पहिला माणूस कोण होता? मी. देवाधर्माची एवढी चाड मला होती का? सोडा हो! तो मान आमच्या घराला मिळावा, असं माझ्या आजोबांपासून आमच्या पोटात होतं. कोकणात माणूस भाऊबंदांना जमिनीचा तुकडा सोडेल, पण मान सोडणार नाही. मी कचेरीच्या शिस्तीत अर्ज लिहिला. 'विषय : श्रींच्या गळ्यातील राक्षस निष्कासित करणे व तदनुषंगाने मान वर्ग करणेबाबत.' आणि तो अर्ज मी हरिश्चंद्राच्या शेजारच्या टेबलावर बसून लिहिला. टाचणी त्याच्याकडून मागून घेतली. त्याने दिली.

गावाने ठरवलं, देवीलाच विचारू. कौल लावायचा. उजवी पाकळी पडली तर राक्षस राहील आणि मानही राहील. डावी पडली तर दोन्ही गेले. भागोजी गुरवांनी देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. पण गाऱ्हाण्यात विषय स्पष्ट सांगावा लागतो ना! आणि देवीने कुठे व्हिडिओ गेम खेळलाय?

"हे आई म्हाराजा! तुझी लेकरा आज तुझ्या पायाशी गोळा झालीत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या गळ्यात एक जपानचा राक्षस आलाहा म्हाराजा! तो वरसून उतरता, खालसून मारला की मरता, आनि यंत्र बंद करून चालू केला की परत येता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

विठू मध्येच म्हणाला, "तीन जीव असतात, ता पण सांगा." भागोजी त्याला म्हणाले, "ते राक्षसाचे का आपले?" विठू म्हणाला, "आपले." भागोजी देवीकडे वळले. "आनि आपल्याला तीन जीव असतात म्हाराजा!" सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा!" त्या क्षणी मलासुद्धा ते खरं वाटलं.

गाऱ्हाणं संपलं. पाकळी पडेना. ना उजवी, ना डावी. अर्धा तास, एक तास. उन्हाने कातळ तापलेला, आणि दीडशे माणसं दोन पाकळ्यांकडे टक लावून उभी. हरिश्चंद्र खांबाला टेकून खाली मान घालून होता. मला राहवलं नाही. मी चढ्या आवाजात म्हणालो, "हरिश्चंद्रा, सगळ्या जगात तुला हाच मिळाला काय रे देवीच्या गळ्यात घालायला?"

आयुष्यात चार माणसांत न बोललेला हा माणूस बोलला. म्हणाला, "आई सगळे मारायची. शेवटचा एक उरला की तोफ बाजूला घ्यायची. मी म्हणायचो, आई, मार, पुढची पायरी येईल. ती म्हणायची, ऱ्हवं दे. एकटोच हा तो. मग तो खाली उतरायचा आणि आम्ही हरायचो. दोन वर्षं आम्ही रोज हरलो, दादू. तिने वाचवलेला आहे तो. कुठे ठेवू?"

सभागृहातल्या बंधुभगिनींनो, मी भागोजींना म्हणालो, "माझा अर्ज मी मागे घेतो." भागोजी उखडले. "ही काय तुमची कचेरी हाय? देवाकडे घातलेला अर्ज मागे घेता येत नाय. उभा ऱ्हा गप!" मग मी उभा राहिलो. आणि ज्या बाजूची पाकळी पडू नये म्हणून घरून नवस बोलून निघालो होतो, तीच पडावी म्हणून मनातल्या मनात हातापाया पडलो. दुपार कलली आणि उजवी पडली.

गावाने मला दंड केला. भागोजी म्हणाले, "दादूला मान हवा होता ना? द्या त्याला. वर्सावर्सा हरिश्चंद्राच्या पायरीवर बसून त्याच्या हाताखाली मणी ओवायचे." हा दंड! पन्नाशी उलटलेला हेडक्लार्क, नाकावर चष्मा, आणि सुईत दोरा जाईना. एक मणी चुकला की हरिश्चंद्र बोलायचा नाही, फक्त बोट ठेवायचा, आणि मी आख्खी ओळ उसवायचो. काकींची शाळाच ती. गेली दोन वर्षं मी त्याला मनातून ज्या शिव्या घातल्या, त्या या व्यासपीठावर सांगण्यासारख्या नाहीत. आणि कोणी माझी त्या पायरीवरची जागा मागितली असती, तर मी परत अर्ज केला असता.

यंदाची चिंचपेटी पूर्ण मी विणली. हरिश्चंद्र म्हणाला, तू कर, मी बघतो. करून त्याच्या हातात दिली आणि माझ्याच लक्षात आलं, की राक्षसाला एका अंगाला चार पाय आणि दुसऱ्या अंगाला तीनच झालेत. आता उसवा, म्हणून मी सुई हातात घेऊन बसलो. हरिश्चंद्राने चिंचपेटी उजेडात धरली. अंगठा फिरवला. आणि म्हणाला, "बरोबर आहे."

तेव्हा मला कळलं. रेकॉर्ड रूममध्ये गेलं वर्षभर तो फाईल वाचून काढत नव्हता, कुठली कुठे आहे ते पाठ होतं म्हणून काढत होता. डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्यांचं आता फार काही होण्यासारखं नाही. हे त्याने कोणाला सांगितलेलं नाही. हरिश्चंद्रा, मी सांगितलं, रागाव. परवा तो आमच्याकडे आला आणि मण्यांचा डबा विमलाच्या हातात ठेवून म्हणाला, "मान आता दादूच्या घराकडे." जे मिळावं म्हणून आमच्या तीन पिढ्या झुरल्या, ते पत्र्याच्या डब्यात घालून चालत आलं. आणि मी त्या डब्याला हात लावू शकलो नाही.

तो डबा मी आज इथे आणलाय. साहेब, शाल-श्रीफळ आपण द्यालच, हा मी परत देतो. हरिश्चंद्रा, मान तुझ्याच घराचा. सुई मी धरीन, पण मणी तू मोजून द्यायचे. मणी मोजायला डोळे लागत नाहीत. आणि मी चुकलो तर बोट ठेवायला समोर तू हवास. नाहीतर मला कोण उसवायला लावणार रे?

साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तरी बोलू दिलं, त्यांचे आभार. हरिश्चंद्राला एकतीस वर्षं सांभाळून घेणाऱ्या कचेरीचे आभार, आणि धाकूचे आभार, ज्याने आमच्या गावात टीव्हीआधी युद्ध आणलं. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचं नको तिथे आलं असेल, तर ते आपण पोटात घालावं. देवीने यंदा शिमगाभर, सगळ्या गावासमोर, एक पाय कमी असलेला राक्षस गळ्यात मिरवला आणि ब्र काढला नाही. आपण तर माणसं आहोत.

नमस्कार.