दाढेतून काळजात

आमी पवनीचे, जातीनं कोष्टी, बापाच्याच मागावर मी बसलो, अन् हात माहा लय साफ, तुटला धागा असा जोडो का शोधूनबी सापडनार नाही, तं मले वाटे का दुनियेतलं कोनतंबी काम धाग्यानं होते. गल्लीतल्या लेकराईचे हलते दात मीच पाडो. दाताले रेशीम गुंडाळाचं, दुसरं टोक मागाच्या पावडीले बांधाचं, अन् गोष्ट सांगता सांगता पायानं पावडी दाबाची. लेकरू रडाच्या आधी दात खाली. लोकं मले डाक्टर म्हनत, काय सांगू तुमाले, मीबी फुगलो.

आनीबानी उठली त्या साली घरवालीची दाढ सडली. दाताले तंबाखूचा गुडाखू घासून घासून हिरड्यातून पू ये. म्हने, अजी, भंडाऱ्याले नेता का? मी म्हनलो, घरात डाक्टर असताना यष्टीचं तिकीट काहून? म्हने, मोठे आले डाक्टर, पयले आपलं तोंड आरशात पाहा. पन बसली बिचारी. दाढ काही लेकराचा दात नोहे, रेशीम तुटलं, मंग सुतळी लावली, तवा निघाली, तेबी अर्धी. रगत पाहून मीच मटकन खाली बसलो, अन् तिनंच मले पानी पाजलं.

मंग तिले ताप धरला. उतरे अन् पुन्हा चढे. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, अंगारा झाला, बाई वाळून काडी झाली. शेवटी भंडाऱ्याले नेली, तं तिथल्या डाक्टरनं छातीले नळी लावली अन् इचारलं, दात काढला का? मले हसू आलं. म्हनलो, साहेब, नळी छातीले अन् इचारून राहिले तोंडाचं? तो हासला नाही. म्हने, लहानपनी हिचे सांधे सुजले होते का? होते. म्हने, तवाच काळीज अधू झालं, आता दाढेतली घान रगतातून जाऊन तिथंच बसली, आता हे वाचते का नाही सांगता येत नाही.

सुयावर सुया चालल्या. मी खाटेपाशी बसून तिचा श्वास ऐकत राहो. तोच डाक्टर एक दिवस म्हने, पुढं दाताचे डाक्टर दाढेले हात लावाच्या आधी काळजाचं इचारतीन, तवा अशा बाया खाटेवर येनार नाही.

वाचली. पन काळीज अधू ते अधूच. आता वैनगंगेवर कपडे मी धुतो, बाया हासतेत, हासू द्या. ती संग येते, घाटाच्या मंधातच टेकते, म्हने, तुमी व्हा पुढं, मी आलीच. मी पुढं होतो, अन् नदीकडं पाठ करून धुतो. ती उठताना मले दिसली पाह्यजे.