स्टेपोनासची दुसरी सही

(काउनास, रशियानं गिळलेल्या एका छोट्या देशातलं शहर, १९५६. याद्विगाचं स्वयंपाकघर. एके काळचे परराष्ट्रमंत्री असलेले तिचे वडील सैबेरियातून सुटून नुकतेच परतलेत.)

याद्विगा : म्हणजे नाही म्हणून आलात त्या रशियन अधिकाऱ्यांना?

स्टेपोनास : आलो. सूप निवतंय, खाऊन घे.

याद्विगा : सूप राहू द्या. मागत काय होते ते?

स्टेपोनास : लंडन, वॉशिंग्टनमध्ये आपले जुने राजदूत अजून कचेऱ्या उघडून बसलेत. देश राहिला नाही, तरी दारावर झेंडा लावतात. त्यांना मी पेपरातून सांगायचं, की इथं सगळं छान चाललंय, आता उतरवा झेंडा. खाली माझी सही.

याद्विगा : केली असतीत तर?

स्टेपोनास : इथं राहू दिलं असतं. तुझ्याजवळ.

याद्विगा : आणि आता?

स्टेपोनास : सोमवारच्या आत शहर सोडायचं. शेजारी लॅटव्हियात, समुद्राकाठी एक ओळखीचा आहे, तो खोली देईल.

याद्विगा : त्या राजदूतांना ठाऊक तरी आहे का, तुम्ही जिवंत आहात ते?

स्टेपोनास : नसेल. पण काही झालं तरी कचेरी सोडू नका, असं मीच बजावलं होतं त्यांना.

याद्विगा : चाळीस साली सही करून रशियन फौजेला आत घेतलंत, तेव्हा नाही असे अडून बसलात.

स्टेपोनास : नाही बसलो. वाटलं, गोळी सुटली नाही तर माणसं तरी वाचतील.

याद्विगा : आई वाचली?

स्टेपोनास : नाही.

याद्विगा : तुम्हाला धरून नेलं, वर्षभरात तिला मालगाडीत कोंबलं. मावशीनं मला मागच्या दारानं काढलं म्हणून मी राहिले. सगळे म्हणायचे, तुझा बाप मेला. मी एकटी म्हणायचे, येणार. आलात, आणि लगेच निघालात. देश देताना एका दुपारी सही झाली बाबा तुमची. माझ्यासाठी होत नाही?

स्टेपोनास : ती केली म्हणूनच ही होत नाही, पोरी.

याद्विगा : मला नाही पटत हे.

स्टेपोनास : नको पटू दे. तुझ्या जागी मलाही पटलं नसतं.

याद्विगा : ...तो कोट काढा. अस्तर लोंबतंय.

स्टेपोनास : तिकडं मीच शिवायचो.

याद्विगा : दिसतंय. द्या इकडे. समुद्राकडं वारं फार असतं.