रेंज नसलेलं गाव

— तसं नाही गं श्रद्धा, फोन लागत नाही म्हणजे माणूस हरवला असं थोडंच असतं? बस आधी, चहा घे. लग्न दीड महिन्यावर आलंय आणि तू वाकडहून हाफ डे टाकून होणाऱ्या सासूच्या दारात अशी घाम पुसत उभी — शेजारच्या शालनबाईनं बघितलं असणार, तिचं निम्मं आयुष्य त्या जाळीच्या दारात गेलंय. तर काय सांगत होते, परदेशात असलं तरी ते गाव आहेच तसं. माझा संघर्ष साखरपुड्याला आला तेव्हा दाखवलं नव्हतं का त्यानं मोबाइलवर? मधोमध युनिव्हर्सिटी आणि चारी बाजूंनी मका, नुसता मका. आख्ख्या तालुक्यात — काउंटी म्हणतात ते — रस्त्यावरचे सिग्नल किती, तर तीन. आपल्या चाकणला कंपन्यांनी शेतं खाल्ली, तिथं शेतं तशीच आणि मधे कॉलेज. सुट्टी लागली की पोरं जातात, गाव ओस. मग रेंज कुठून असणार? मेसेज तेवढा जातो. येतो ना तुला? रोज? मग झालं तर.

राजीनामा उद्याच द्यायचाय का? दे की. नाही — दे म्हणजे, तुझं तू ठरव, मी कशाला मधे बोलू — पण हॉल ठरला, पत्रिका छापून आल्या, भंतेजींना सांगून झालं. यांनी तर चाकणला कंपनीच्या गेटवर आख्ख्या शिफ्टला पेढे वाटले, सिक्युरिटीतला माणूस, त्याला दुसरं काय आहे मिरवायला? आता मागं फिरायचं म्हणजे — कशाला फिरायचं मागं? आणि तिथल्या बर्फाचं एवढं काय मनावर घ्यायचं? घसरून पडले तर तुमच्या गावात मला उचलणारं कोण — असं काय लिहायचं गं? वाचून माझी पोळी करपली तव्यावर.

अशी काय बघतेस? त्यानंच सांगितलं. फोनवर. हां, लागत नाही म्हणाले खरं — पण मला लागतो कधीमधी, आईला लागतो. आता कुणाला लिहितेयस तू? चहावर साय धरली बघ. ठेव तो मोबाइल —

कपाटात वाजलं ते बँकेचं असेल. ओटीपी येतात त्याच्या जुन्या नंबरवर, म्हणून तो फोन इथंच ठेवून —

फेब्रुवारीतच म्हणाला तो. आई, माझ्यानं हे लग्न होणार नाही, तूच सांग तिला. सांगणारच होते. तेवढ्यात त्या फोनवर तुझा मेसेज आला, जेवलात का म्हणून. मी लिहिलं, हो, तू? पहिल्या दिवशी एवढंच लिहिलं होतं, खरंच एवढंच. मग दुसऱ्या दिवशी परत आला. या घरात मला ते विचारतं कोण गं?

राजीनामा देऊ नकोस. ऊठ, जा आता. आणि दार ओढून घे, शालनबाई बघतीय.