कोठीच्या खोलीतला वारा

आमचं मूळ घर म्हसळ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला, भातशेतीवाल्यांची वस्ती, आणि त्या एका घरात आम्ही तिघे भाऊ, तिघांच्या बायका, आय आणि बैल, कोण कुठं झोपलाय ते सकाळी उठल्यावरच कळायचं. मी मधला. मधला म्हंजे कामाला पयला आणि जेवायला शेवटचा, असं मी सांगतो, भाऊ उलटं सांगतात. स्वराज्य आलं त्याच्यामागून मी मुंबईला गोदीत गेलो, पाठीवर गोणी वाहिल्या, सणासुदीला बोटीनं दिघीला उतरून घरी यायचो, आणि गाठीला थोडं जमल्यावर म्हटलं, आता आपलं घर. थोरला भाऊ म्हणाला, बांध बाबा, पडलं तर आमच्याकडं ये.

घर मीच आखलं. काठीनं जमिनीवर रेघा मारल्या, हितं ओटी, हितं माजघर, हितं चूल, आणि मागल्या अंगाला, पश्चिमेकडं, कोठीची खोली, म्हंजे भाताची कणगी, जातं, उखळ, नारळ, सगळं तिथं. आय म्हणाली, कोठीला खिडकी ठेवू नको, उंदराला आणि चोराला कशाला आवतण देतोस. मी म्हटलं व्हय. मातीच्या जाड भिंती घातल्या, कौलांखाली फळ्यांचा माळा ठोकला, आणि गावभर सांगत फिरलो, माझ्या कोठीत वाऱ्याचा बापसुद्धा शिरायचा न्हाय. आणि काय सांगू तुम्हाला, खरंच न्हाय शिरला.

वास्तुशांत झाली, जेवणं उठली, आणि मग आमच्या घरातलीला दिवस गेले. आता बाळंतपण कुठं, तर कोठीच्या खोलीत, आमच्यात तसंच, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आतली खोली, खाटेखाली शेगडी, शेगडीत ओवा, आणि दार बंद. आमच्या थोरल्या पोराच्या वेळी माहेरी ह्याच धुरात ती घेरी येऊन पडलेली, पोर निळं पडलेलं, देवानं ठेवलं म्हणून राहिलं. म्हणून एक दिवस ती कोठीत शिरली, दार ओढून घेतलं, थोडा वेळ उभी राहिली आणि घाम पुशीत बाहेर आली. म्हणाली, अवो, ही खोली हाय का पेटारा? हितं मी बाळंत व्हायची न्हाय. एकतर वारा आणा, न्हायतर मी चालले थोरल्या जाऊबाईंकडं. बघा म्हंजे, नव्या घरातलं पयलं मूल भावाच्या घरात! आणि भाऊ तर आधीच सांगून बसलेला.

मला असा चेव आला म्हंता! पहार घेतली आणि पश्चिमेच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर वर, धाडधाड भोक. आय ओरडतेय, अरे मेल्या, बाळंतिणीला वारा घालतोस, कुणी शिकवलं तुला मुंबईला हे? मी ऐकतोय कुठं. वारा चालतो का बघायला आत नारळाची सोडणं पेटवली, तर धूर निघाला तो दारानं माजघरात, माजघरातनं ओटीवर, तिथं मामा चहा पीत बसलेले, ते खोकत म्हणाले, भाच्या, घर शेकायला घेतलंस का रे? मी डोकं खाजवतोय, तर ही चुलीपुढनं म्हणते, येणाऱ्याला वाट केलीत, जाणाऱ्याला कुठाय?

चढलो वर. माळ्याची फळी कापली, वरचं कौल उचलून खाली विटांचे तुकडे दिले. परत सोडणं पेटवली, आणि अहो, खाडीचा वारा खालून आत आणि धूर वरनं सरळ आभाळात! मी कौलांवर नाचलो. चांगली कौलं फोडली, पण नाचलो.

आता पुढचं ऐका. पाऊस लागायच्या आधी आमच्याकडं पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधतात, न्हायतर तिरक्या पावसानं मातीची भिंत वाहून जायची. दरसालाप्रमाणं भाऊ आले, मामा आले, सगळ्यांनी मिळून भिंत वरपासून खालपर्यंत अशी गच्च बांधली की थोरला म्हणाला वा, मामा म्हणाले वा, आणि मीपण म्हटलं वा. भोक कुणाच्या ध्यानातच न्हाय. बापजाद्यांचे हात ते, मातीची भिंत दिसली की झाकायची!

ज्येष्ठातली दुपार, पाऊस कोसळतोय, आणि हिला कळा सुरू झाल्या. सुईण आत, आय आत, शेगडी पेटली, दार लागलं. मी ओटीवर. जरा वेळानं सुईण खोकायला लागली, मग आय, आणि मग हिचा आवाज, अवो, तुमचा वारा मेला काय!

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. कोयता घेऊन पावसात धावलो, भोकावरचं झाप दोन्ही बाजूंनी आणि खालनं सपासप कापलं, वरचं तसंच राहिलं, तर ते लोंबायला लागलं, मग खालनं काठी देऊन ते पुढं ढकललं. छपरीच झाली हो! पाऊस बाहेर, वारा आत. वर बघतो तर उचललेल्या कौलाखालनं धूर चाललाय. आणि मी तसाच भोकापुढं उकिडवा, काठी धरून, भिजत. सोडली तर झाप पडेल, म्हणून सोडवत न्हाय. तेवढ्यात त्याच भोकातनं माझ्या कानात पोराचा टाहो! असा खणखणीत, की शेजारची कुत्री भुंकली. थोरला भाऊ इरलं घेऊन आला, मला बघून म्हणाला, खुळ्या, ती काठी जमिनीत रोवतात.

मुलगी झाली. आता शाळेत जाते, आवाज अजून तसाच हाय.

आय थकली. उन्हाळ्यात म्हणाली, माझी खाट कोठीत घाला, तिथं बरं वाटतं. आता ती भोकाजवळ डोकं करून झोपते, आणि जो येईल त्याला सांगते, हे भोक पाडायला मीच सांगितलं, ह्याला कुठं एवढी अक्कल. मी म्हंतो व्हय आये. आमची ही तोंडाला पदर लावून म्हंते, व्हय आत्याबाई. म्हातारीचा श्वास सुखानं चाललाय. असाच चालू दे.