शेवटचा रकाना

ओडिलिया : बाई, आधी दार लावू का?

ट्वेटबाई : दार कशाला? सहाला आईबाप तुम्हा पोरांचं वाचन ऐकायला यायला लागतील, अजून वीस खुर्च्या मांडायच्यात. सातवीच्या पोरांना 'अमेरिकेत कोण कसं आलं' शिकवायचं म्हणजे दरवर्षी माझीच दमछाक. बोल लवकर.

ओडिलिया : तुम्ही सांगितलं होतं ना, गावातलं एक घराणं निवडा आणि जुन्या जहाजांच्या याद्यांत शोधा. मी तुमचं घेतलं.

ट्वेटबाई : अगं बाई! लबाड कुठली! मग सापडले का आमचे हाल्वर आजोबा?

ओडिलिया : प्रवाशांत नाहीत.

ट्वेटबाई : नीट पाहिलं नसशील. नॉर्वेहून १९२३ साली आले, कागदपत्रं घेऊन, रांगेत उभे राहून. माझा भाऊ आर्ने शाळेच्या समितीत दर वेळी हेच ऐकवतो. आजही पहिल्या रांगेत बसून ऐकवेल बघ.

ओडिलिया : म्हणूनच आधी तुम्हाला दाखवते. ही खलाशांची यादी. हाल्वर ट्वेट, वय एकोणीस, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. आणि हा शेवटचा रकाना.

ट्वेटबाई : बघू. 'न्यूयॉर्क बंदरात पळाला.' हॅ! एका नावाचे छप्पन्न लोक असतात तिकडे. ती खुर्ची ओढ. ती नव्हे गं, ती डुगडुगते.

ओडिलिया : मलाही तसंच वाटलं. पण अंगावरच्या खुणांत लिहिलंय, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नाही.

(ट्वेटबाई हातातली खुर्ची खाली ठेवतात.)

ट्वेटबाई : ते बोट मळणीयंत्रात गेलं होतं. इथं, आमच्या शेतात. आम्हाला भीती घालायचे, यंत्राजवळ जाऊ नका, माझं काय झालं बघा.

ओडिलिया : मग जहाजावरच कसं नव्हतं?

ट्वेटबाई : मला काय विचारतेस! अंगणात अनोळखी गाडी आली की मागच्या दारानं गोठ्यात निघून जायचे. आम्ही हसायचो, म्हणायचो बुजरे आहेत. त्यांची आई तिकडे वारली, तरी गेले नाहीत. म्हणाले, पीक उभं आहे. अगं, जानेवारी होता! मिनेसोटात जानेवारीत कसलं आलंय पीक? एकानंही कसं विचारलं नाही त्यांना?

ओडिलिया : गेले असते तर कागदपत्रांशिवाय परत येता आलं नसतं. माझी आईपण नाही गेली, ग्वाटेमालात आजी वारली तेव्हा. बाई, हे मी बोललेच नाही हं.

ट्वेटबाई : नाही बोललीस.

ओडिलिया : खुर्च्या मांडू का?

ट्वेटबाई : राहू दे त्या. हे बघ, आजच्यापुरतं दुसरं घराणं घे ना. बेकरीवाले लुंडग्रेन घे. आर्ने सगळ्यांदेखत तुझ्यावर घसरेल. 'ही कोण कालची पोर, आमच्या घरातलं काढणारी?' म्हणेल.

ओडिलिया : चालेल, बाई.

ट्वेटबाई : चालेल? तीन आठवडे खपलीस ना यावर?

ओडिलिया : गप्प बसायची सवय आहे मला. घरी रोज तेच तर करतो आम्ही.

ट्वेटबाई : असं बोलू नकोस गं. नाही, बोल. मीच मूर्ख. बावीस वर्षं पोरांपुढे त्या रांगेचे गोडवे गायले, आणि तू तिथं बाकावर बसून ऐकत होतीस. लाज वाटते मला. दे तो कागद.

ओडिलिया : फाडणार?

ट्वेटबाई : वाचणार. मी वाचणार, तू नाही. सगळ्यांत आधी. माझे आजोबा आहेत, आर्ने काय करतो मला ते बघतेच.

ओडिलिया : आणि शोधलं कुणी, असं विचारलं तर?

ट्वेटबाई : तू म्हणशील ते सांगेन. नाव नको असेल तर नाही घेणार.

ओडिलिया : नाव घ्या. आडनाव नको.

ट्वेटबाई : बरं. आणि आईला पहिल्या रांगेत बसव. आर्नेच्या शेजारची खुर्ची राखून ठेवते.

ओडिलिया : ती नाही बसायची तिथं. कुठंही गेली तरी मागच्या दाराजवळच बसते. चर्चमध्येसुद्धा.

ट्वेटबाई : हो गं. आजोबाही तिथंच बसायचे.