कुत्रीचंही

‘एकदा कुशीत काही आलं ना, की रमेल ती आपोआप’ — असं आमच्या सासूबाई म्हणाल्या, काकू, काल सकाळी स्वयंपाकघरात, भाऊजींना — भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, तुमच्याशी फोनवर बोलतात ते — आणि मला ऐकू जावं म्हणून नव्हतं हं ते, मी आपली दाराबाहेर टॉवेलच्या घड्या घालत उभी. नाही नाही, विषय सोडून नाही बोलत, तुम्हीच विचारलंत ना आत्ता, ‘मादीचा स्वभाव कसा आहे’, म्हणून तिथून सुरुवात केली. बसा ना नीट. ती पाठीमागची उशी काढून ठेवा, नुसती शोभेची आहे, टोचते. चहात साखर नाही घातलेली, तुम्ही फोनवर सांगितलं होतंत म्हणे. तर — मला वाटलं, हे आमच्या ठमीबद्दल चाललंय. कुणालाही वाटेल. पंधरा दिवस या घरात दुसरा विषय आहे का? नाही. ठमीचं वजन, ठमीचे दात, ठमी माजावर कधी येणार, आली का, आली बाई एकदाची. शिवाय न रमणारी कोण? ठमीच. खुर्चीचा एक पाय तिने खाल्ला, भाऊजींच्या तीन चपला खाल्ल्या — तिन्ही डाव्या, उजवीला तोंड लावत नाही — बागेत एवढाले खड्डे खणले. मी काय खाल्लंय? मी तर जेवतेसुद्धा आवाज न करता. म्हणून मी निवांत घड्या घालत राहिले. मग भाऊजींनी काहीतरी विचारलं, नळ सुरू होता, मला नीट कळलं नाही, आणि त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘अरे, कुत्रीचंही तसंच असतं.’ कुत्रीचंही! टॉवेल हातात तसाच राहिला माझ्या. एवढंसं अक्षर ते, ‘ही’, शब्दाला मागून चिकटलेलं, शेपटीसारखं — पण जनावराच्या मनात काय आहे ते शेपटीवरूनच कळतं ना, काकू? कुत्रीचंही म्हणजे आधी कुणाचं? कुत्रीच्या आधी रांगेत कोण उभं होतं? या घरात बायका तीन. त्यातल्या एक बोलत होत्या, एक बागेत खड्डा खणत होती. उरलं कोण?

तो आवाज ना? काही नाही, ड्रायर आहे. केस वाळवायचा. माझा. मैत्रिणींनी लग्नात दिलेला, मी एकदाच वापरला. मागच्या अंगणात तिघं मिळून ठमीला आंघोळ घालतायत, सासूबाई, भाऊजी आणि आमचे हे — तुम्ही येणार म्हणून. शाम्पू लावलाय, गळ्यात रिबीन बांधणार आहेत. मी म्हटलं — म्हणजे मनात म्हटलं, मी बहुतेक मनातच म्हणते — अहो, नराला शाम्पूचं काय कौतुक? त्याला जो वास हवा तोच धुऊन टाकताय. आणि नर तर तुम्ही आणलाच नाहीत! आधी घर बघणार, मादी बघणार, कागद बघणार, मग उद्या-परवा नर. भाऊजींना काय लागलंय ते. ‘आपण काय तिच्या दारात भीक मागायला गेलोय?’ — तुमच्याबद्दल, काकू, रागावू नका, हे मात्र सगळ्यांना ऐकू जावं अशा आवाजात. असो. ड्रायर सुरू आहे तोवर तिकडे आपलं काही ऐकू येत नाही, आणि तो इतक्यात थांबत नाही. लॅब्राडोर ना, वरचे केस वाळले तरी खालची लव ओली राहते. मला माहीत आहे, मी तीन वर्षं तेच करत होते. जनावरांच्या दवाखान्यात. सांगितलं नाही त्यांनी? नाही सांगणार. ‘सून शिकलेली आहे’ एवढंच सांगतात. काय शिकलेली आहे ते सांगताना यांच्या घशात काहीतरी अडकतं.

तुम्ही खोली बघताय? बघा ना. ती भिंतीवरची चौकट, ते भाऊजींचं प्रमाणपत्र. एक दिवसाचं शिबिर केलं त्यांनी, ‘जबाबदार आणि नैतिक श्वानपैदास — पहिली पावलं’. सकाळी गेले तेव्हा साधे गृहस्थ होते, संध्याकाळी परतले ते नैतिक होऊनच. गळ्यातलं ओळखपत्र दोन दिवस उतरवलं नाही. जेवायला बसल्यावर ‘नैतिक’ हा शब्द अकरा वेळा आला, मी मोजला, मला दुसरं काम काय होतं — वाढत होते. आता मला सांगा, पहिलं पाऊल काय शिकवत असतील तिथे? मादीची तपासणी, हो ना? खुबे, डोळे, वय दोन वर्षं पूर्ण आहे की नाही. तर आमच्या भाऊजींनी पहिलं पाऊल टाकलं ते थेट पेंटरकडे. पाटी! मादी चौदा — मादी लहान, नर ठरायचाय, पिल्लांचा पत्ता नाही, पण पाटी तयार. फोनवरून मजकूर सांगितला, ‘जबाबदार अन् नैतिक श्वानपैदास केंद्र’. आता भाऊजी घाईत असले की शब्द एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि ते कायम घाईत. पेंटर बिचारा प्रामाणिक, जे ऐकलं ते रंगवलं. ‘जबाबदार अनैतिक श्वानपैदास केंद्र.’ तुमच्या सोफ्यामागेच आहे, भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. अहो, वाकू नका एवढं, कंबर धरेल. हसा, खुशाल हसा, ड्रायर सुरू आहे. मला विचाराल तर पेंटरचं काही चुकलं नाही.

काय म्हणालात? चौदा? मी चौदा म्हटलं का? — तुमच्या पिशवीत तो कागद आहे ना, मादीच्या मालकांसाठीची तुमची प्रश्नावली, भरून पाठवलेली? अक्षर छान आहे म्हणालात आल्या आल्या. माझं आहे ते. या घरात लिहायचं काम आलं की मला हाक मारतात, आणि वाचायचं आलं की मला बाहेर पाठवतात. आधी मी भरली होती ना, ती खरी भरली होती. वय — चौदा महिने. खुब्यांचा एक्स-रे — डावा सांधा सैल, पैदास करू नये. आमच्याच दवाखान्यात नेलं होतं तिला, मीच धरलं टेबलावर, अंगावर ते शिशाचं जड जॅकेट चढवून, आणि ती वेडी, तसल्यातही माझी हनुवटी चाटत होती. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि डाव्या सांध्यावर बोट ठेवलं. असे सांधे मी पुष्कळ बघितलेत, काकू. आई जेमतेम लंगडते, आणि तिची पिल्लं वर्षाच्या आत पायरी चढायची थांबतात, मग एक दिवस मालक दवाखान्यात येतो आणि पिल्लाकडे न बघता विचारतो, ‘दुसरा काही मार्ग?’ ती शेवटची सुई देताना धरायलाही मीच असायचे. तर भाऊजींनी माझा कागद वाचला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, ‘अगं, अक्षर मोत्यासारखं आहे, पण उत्तरं जरा चुकलीत.’ नवा कागद आणला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. वय — दोन वर्षं दोन महिने. खुबे — उत्तम, रिपोर्ट पाठवत आहोत. आला का रिपोर्ट? नाही येणार. स्वभाव — शांत, आज्ञाधारक, घरात रमणारी. लिहिलं मी. हो, मीच लिहिलं, माझ्याच हाताने, ‘ज्ञा’ सुद्धा नीट काढला. बघा, बोलून गेले. मला खरं म्हणजे एवढंच सांगायचं होतं की चहात साखर नाही.

पण प्रश्न काय एकेक काढलेत हो तुम्ही! ‘मादीला स्वतःचा, कुणी त्रास देणार नाही असा कोपरा आहे का?’ आहे, जिन्याखाली, पडद्यासकट. हेवा वाटला मला. ‘मादी तयार नसेल तर थांबाल का?’ भाऊजी म्हणाले, लिही, ‘अर्थातच, मादीची इच्छा सर्वोपरी.’ सर्वोपरी! दारात आमचे हे उभे होते, त्यांनीही मान हलवली. यांची मान म्हणजे काय सांगू, फार सुरेख हलते, आईकडे बघून एकदा, माझ्याकडे बघून एकदा. लग्नाआधी यांनीच कबूल केलं होतं — दोन वर्षं मूल नको, माझी नोकरी सुरू, मी फक्त सहा महिन्यांची रजा घ्यायची. दोन वर्षं, काकू, तुमच्या कागदावर मादीच्या वयाची अट आहे तेवढीच! रजा संपली. सोमवारी हजर व्हायचंय मला. ‘आईशी बोलतो’ म्हणाले, अजून बोलतायत. काल भाऊजींनीच मला बोलावून सांगितलं, आता दवाखान्याचं डोक्यातून काढ, ठमीला दिवस राहिले की घरात जाणकार माणूस लागेल, दोन महिने पोट, पुढे दोन महिने पिल्लं — ‘आणि तोवर तुझंही काहीतरी होईलच’. तुझंही! परत तीच शेपटी. म्हणजे तिचं ठरलं की माझंही ठरलं, एका आंघोळीत दोन कामं. आणि होईलच म्हणे. कसं होईल? आमच्या कपाटात वरच्या फळीवर डबा आहे, ‘ठमी — जंताच्या गोळ्या’ असं लिहिलेला. माझंच अक्षर, मोत्यासारखं. त्याला कुणी बोट लावत नाही, सासूबाईंना तर नुसत्या ‘जंत’ शब्दाने मळमळतं. त्यात ठमीच्या दोन आहेत, बाकीच्या माझ्या. यांनाही माहीत नाही. थांबायचं तेवढं यांनी कबूल केलं होतं, कसं थांबणार हे विचारायचं राहून गेलं.

तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडे. मी काही रडकथा सांगत नाहीये. खायला-प्यायला आहे, कुणी ओरडत नाही, बोट लावत नाही, सासूबाई तर स्वतःच्या हाताने दूध देतात रोज सकाळी — मला एक पेला, ठमीला एक वाडगं. फक्त तो तुमचा शेवटचा प्रश्न होता ना, त्याला मी जरा अडखळले. ‘पिल्लू नव्या घरी रमलं नाही, तर कोणत्याही वयात, कारण न विचारता, परत घ्याल का?’ भाऊजी लगेच म्हणाले, ‘लिही — हो.’ मी पेन खाली ठेवून तीनदा वाचलं ते. कारण न विचारता. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात मी आईला फोन केला होता. नुसतं म्हटलं, चार दिवस येऊ का गं? तर पहिला शब्द काय आला पलीकडून? ‘का?’ दुसरा, ‘काय झालं?’ आणि मग, ‘थोडं जुळवून घे, रमशील.’ तुम्ही परक्यांच्या कुत्र्यांसाठी एवढं लिहून घेता, काकू — तेव्हा कुठे होतात तुम्ही?

असू दे. चहा गार झाला तुमचा. ऐका, एक करा. मी बोलले असं सांगू नका. त्यांना सांगा, नर आजारी आहे. पोट बिघडलंय म्हणा. नाहीतर म्हणा, महिनाभर बाहेरगावी जातेय. ठमीचा माज निघून जाईल तोवर, भाऊजींचा नैतिकपणा शाबूत राहील, मी वाईट नाही, तुम्ही वाईट नाही. जमेल ना? — नाही? का पण? हां. बरोबर आहे. तुम्ही नाही म्हणालात तर उद्या दुसरा कुणी नर आणेल, आणि तो प्रश्नावलीही पाठवणार नाही. कळतंय मला. मला सगळं कळतं हो, तोच तर त्रास आहे.

थांबला. ऐकलंत? ड्रायर थांबला.

तो कागद आत ठेवा ना. ठेवा म्हणते ना, काकू — बरं, राहू दे. राहू दे बाहेरच.

या ना आई. हो, दिला चहा. नाही हो, कसल्या गप्पा, मी कुठे बोलते, या काकूच काहीबाही विचारत होत्या. अगं बाई, रिबीन! ये गं ठमे, ये इकडे, शहाणी ती. बघा काकू, बसली कशी. डावा पाय बाहेर टाकून, एका कुशीवर. कायम अशीच बसते. — नाही भाऊजी, ऐटीत नाही बसलेली. दुखतं तिचं.

काकू, तुम्ही नका सांगू, मी सांगते. अहो, तुम्ही मान हलवू नका जरा वेळ. आई, बसा तुम्ही, मध्ये बोलू नका, त्या कागदावर अक्षर माझं आहे, म्हणून उत्तर मीच देणार. दोन वर्षं दोन महिने हे खोटं आहे. ठमी चौदा महिन्यांची आहे, तिचा डावा खुबा सैल आहे, तो एक्स-रे मी स्वतः धरून काढलाय. सोमवारी मी दवाखान्यात जाणार आहे, आणि ठमीला बरोबर नेणार आहे. तिला पिल्लं नकोत, आई. मलाही.